पावाची फेरी

भट्टीतून निघालेला पाव गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जी व्यवस्था जगातील अनेक शहरांत शे-दीडशे वर्षे चालली, तिच्याकडे खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. गव्हाच्या जाती, खमीर, भट्टीची रचना यांवर विपुल लेखन झाले. परंतु पाव वाहून नेणारी घोडागाडी, तिचा हाकाऱ्या, सायकलवरची टोपली किंवा पहाटे दुकानांपुढे थांबणारी व्हॅन यांचा उल्लेख बहुधा आठवणींच्या सदरातच येतो. वास्तविक पाव हे रोजचे अन्न झाले ते भट्टीइतकेच या फेरीमुळे, आणि फेरीची गरज का पडली याचे उत्तर पावाच्या अंतर्रचनेतच सापडते.

पाव शिळा होतो म्हणजे तो वाळतो, असा सर्वसाधारण समज आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ज्याँ-बाप्तिस्त बुसँगो यांनी १८५२ मध्ये हा समज खोटा ठरवला. ओलावा निघून जाणार नाही अशा रीतीने ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तोच पाव पुन्हा सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला तर, त्या तापवण्यात आणखी थोडा ओलावा गमावूनही, मऊ होतो, असे त्यांनी दाखवून दिले. याचे स्पष्टीकरण गव्हाच्या पिठातील पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. भट्टीतील उष्णतेने पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात व त्यांची मूळची घट्ट मांडणी मोडते. पाव थंड झाल्यावर पिष्टाचे रेणू, आधी अमायलोज नावाचे सरळ साखळीचे आणि मग सावकाश अमायलोपेक्टिन नावाचे फांद्याफांद्यांचे, पुन्हा एकमेकांजवळ येऊन स्फटिकासारखी मांडणी करू लागतात, आणि त्यामुळे पावाचा गाभा कडक व भुसभुशीत होतो. डच शास्त्रज्ञ योहान रुडॉल्फ काट्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या प्रक्रियेवर तापमानाचा परिणाम तपासला. ही क्रिया गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानात सर्वांत वेगाने होते, असे त्यांना आढळले. पाव फ्रिजमध्ये ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो तो यामुळेच. काट्झ यांच्या संशोधनामागे एक सामाजिक प्रश्न होता, तो येथे विशेष महत्त्वाचा आहे. सकाळी ताजा पाव हवा असेल तर बेकरीतील कामगारांनी रात्रभर जागले पाहिजे. संध्याकाळी भाजलेला पाव सकाळपर्यंत ताजा राखता आला असता, तर त्यांची रात्रपाळी टळली असती. तसा सोपा उपाय हाती लागला नाही, आणि रात्री भाजलेला पाव सूर्योदयाच्या सुमारास घरोघर पोहोचवणे हाच व्यवहार्य मार्ग उरला.

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर अमेरिका येथील शहरांत हे काम घोड्याने केले. दोन किंवा चार चाकांचा बंद पेटीसारखा हलका गाडा, मागे दारे, आत पावाच्या फळ्या आणि चढउतार सुलभ व्हावी म्हणून जमिनीलगत पायरी, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. गाडा फिरता असल्याने मापात फसवणूक होण्याचा संभव अधिक, हे ओळखून ब्रिटिश संसदेने १८३६ च्या पाव-कायद्यात गाडीतून पाव विकणाऱ्याने तराजू व वजने जवळ बाळगावीत आणि गिऱ्हाइकाने मागणी केल्यास पाव तोलून द्यावा, अशी तरतूद केली. दारावर येणाऱ्या विक्रेत्याला दुकानदाराइतकेच उत्तरदायी मानणारी ही तरतूद फेरीच्या व्यवसायाला त्या काळी किती महत्त्व आले होते, याचा सबळ पुरावा आहे.

मोटार आल्यावरही हा घोडा लगेच हटला नाही, आणि त्याचे कारण केवळ जुन्याची ओढ हे नव्हते. रोजच्या फेरीची वाट घोड्याच्या अंगवळणी पडत असे. पाववाला एका घराच्या पायऱ्या चढत असताना घोडा आपण होऊन पुढच्या घरापर्यंत चालत जाई व तेथे थांबून राही, त्यामुळे माणसाला प्रत्येक वेळी गाडीकडे परतून ती पुढे न्यावी लागत नसे. वीस-पंचवीस पावलांवर थांबायचे, पुन्हा निघायचे, अशा कामात सुरुवातीच्या पेट्रोल-गाड्या महागही पडत आणि नादुरुस्तही होत. म्हणूनच ब्रिटन व आयर्लंडमधील काही बेकऱ्यांनी घोड्यानंतर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या स्वीकारल्या; विजेची वाहने आज नवी म्हणून मिरवली जात असली, तरी शंभर वर्षांपूर्वी दूध आणि पाव यांच्या वाहतुकीत त्यांनी आपली उपयुक्तता सिद्ध केली होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा अनेक ठिकाणी घोडे पुन्हा जुंपले गेले, आणि ऑस्ट्रेलियात तर सरकारने शहरांचे विभाग पाडून एका विभागात ठरावीक बेकऱ्यांनीच फेरी करावी असे बंधन घातले, जेणेकरून एकाच गल्लीत अनेक गाडे फिरून माणसे आणि इंधन वाया जाऊ नये.

घोडा गेल्यानंतरही फेरी शिल्लक राहू शकते, हे अमेरिकेतील हेल्म्स बेकरीने दाखवून दिले. लॉस एंजेलिसमध्ये १९३१ साली सुरू झालेल्या या बेकरीने आपला माल दुकानांत ठेवलाच नाही. लाकडी खणांमध्ये पाव, केक आणि डोनट भरलेल्या तिच्या मोटारी शिट्टी वाजवत वस्त्यांमधून जात आणि मुले-बायका रस्त्यावर येऊन खरेदी करत. १९६९ मध्ये ती बंद पडली. तोपर्यंत पारडे सुपरमार्केटकडे झुकले होते: १९२८ साली मिसूरी राज्यातील चिलिकोथी या गावी यंत्राने कापलेला, कागदात गुंडाळलेला पाव प्रथम विक्रीला आला होता, आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधील चॉर्लीवुड येथे कणीक वेगाने घुसळून आंबवण्याचा वेळ बराच कमी करणारी पद्धत तयार झाली होती. पाव प्रचंड कारखान्यांत होऊ लागला, वेष्टनात गेला, आणि त्याला घरोघर नेणारा माणूस खर्चाच्या यादीतून वगळला गेला.

भारतात पावाची घोडागाडी रुजली नाही. मजुरी स्वस्त, घोड्याचा खुराक महाग, गल्ल्या अरुंद आणि पाव खाणारी कुटुंबे विखुरलेली, अशा परिस्थितीत डोक्यावरची टोपली किंवा पत्र्याची पेटी आणि पुढे सायकल हीच पावाची वाहने ठरली. महाराष्ट्रात तर फेरीपुढे अंतरापेक्षा मोठा अडथळा उंबरठ्याचा होता. पाव भाजणारे गोव्याचे ख्रिस्ती, मुसलमान किंवा इराणी. त्यांच्या हातचे, त्यातून पाण्याने भिजवलेल्या कणकेचे अन्न सवर्ण हिंदू घरात येणे म्हणजे बाटणे, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात दृढ होती. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आदींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे, असा विधी होता. जातिभेद मोडल्याची खूण म्हणून पावच निवडला जावा, यावरून त्या काळी पावाला केवढा सामाजिक भार चिकटला होता हे कळते. सभेचे काम गुप्तपणे चालत असे, आणि १८६० मध्ये सदस्यांची यादी चोरीला जाऊन नावे उघड होण्याची वेळ आली तेव्हा ती विसर्जित झाली. त्यानंतर तीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि त्यावरून उठलेला वाद शंकराचार्यांपर्यंत व प्रायश्चित्तापर्यंत गेला. ज्या समाजात बिस्किटावरून ग्रामण्य उभे राहते, तेथे पाववाल्याने दारोदार हाळी देत फिरावे अशी परिस्थिती नव्हती. मराठी घरांत पाव प्रथम आजाऱ्याचे पथ्य म्हणून, मग गिरणी कामगाराच्या न्याहारीतून आणि रस्त्यावरच्या उसळ-पावातून, बराच वळसा घेऊन आला.

मुंबईत हा वळसा लवकर संपला. एका लादीत चिकटून भाजले जाणारे मऊ पाव आणि इराणी हॉटेलांतल्या चहात बुडवायचा कडक ब्रून यांची मागणी कापडगिरण्यांच्या शहरात वाढत गेली, आणि पहाटे सायकलच्या मागे लाद्यांची चळत बांधून हॉटेले, वाणी आणि चाळी यांना पाव पुरवणारे फेरीवाले हे शहराच्या सकाळचे अंग झाले. वडापावच्या गाड्यांनाही असाच माल लागतो. या बेकऱ्यांतील लाकडाच्या भट्ट्या हवा-प्रदूषणामुळे आता अडचणीत आल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. धुराचा त्रास खरा आहे आणि आदेशामागील हेतूही योग्य आहे, मात्र भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या बेकरीला सोसेल की नाही, यावर पहाटेच्या त्या सायकलींचे भवितव्य ठरणार आहे.

बेकरीच्या व्हॅनची भारतीय कहाणी वेगळ्या कारणाने सुरू झाली. १९६५-६६ च्या दुष्काळी वर्षांत देश अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली, म्हणजे रुपयांत किंमत चुकती करण्याच्या सवलतीवर मिळणाऱ्या, गव्हावर अवलंबून होता, तर दक्षिणेतील जनता भात खाणारी होती. मद्रास राज्यात तांदळाची टंचाई इतकी तीव्र झाली की १९६७ च्या निवडणुकीत रुपयाला एक माप तांदूळ देण्याचे द्रमुकचे आश्वासन निर्णायक ठरले. ज्या घरात पोळी लाटण्याचा रिवाज नाही त्या घरात गहू न्यायचा तर तयार पावाच्या रूपाने नेणे सोपे, हा विचार अशा परिस्थितीत स्वाभाविक होता. केंद्र सरकारने १९६५ साली मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली. कोलंबो योजनेखाली, म्हणजे राष्ट्रकुलातील देशांच्या परस्पर साहाय्य योजनेखाली, ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी यंत्रसामग्री दिली आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा शहरांत यंत्राने मळलेला, कापलेला व मेणकागदात बांधलेला पाव तयार होऊ लागला. या पावात जीवनसत्त्वे, आणि गव्हात उणे असणारे लायसिन हे अमिनो आम्ल मिसळून तो पोषक करण्याचे प्रयोगही झाले. मॉडर्नच्या व्हॅनने दारे मात्र ठोठावली नाहीत; ती दुकानापाशी थांबे, ताजा माल उतरवी, आदल्या फेरीचा न खपलेला माल परत घेई आणि पुढे जाई. वेष्टनामुळे ओलावा टिकला, कॅल्शियम प्रोपियोनेटसारख्या परिरक्षकांमुळे बुरशी लांबली, पिष्टाचे स्फटिकीभवनही स्निग्ध पदार्थ आणि पायसीकारकांनी, म्हणजे तेल व पाणी एकजीव ठेवणाऱ्या द्रव्यांनी, मंदावले. तेव्हा तासांच्या हिशेबाने धावण्याची गरज दिवसांच्या हिशेबावर आली. पुढे हीच कंपनी सरकारी उद्योगांच्या विक्रीतील पहिले मोठे उदाहरण ठरली: जानेवारी २००० मध्ये तिचे ७४ टक्के भागभांडवल हिंदुस्थान लिव्हरला १०५.४५ कोटी रुपयांना विकण्यात आले.

चेन्नईहून बंगळूरूच्या दिशेने सुमारे ४० किलोमीटरवर असलेले श्रीपेरुंबुदूर हे दुकानापर्यंतच जाणाऱ्या अशा फेरीचे नमुनेदार गाव म्हणता येईल. राष्ट्रीय महामार्ग ४८ तेथून जातो, आणि हाच महामार्ग पुढे कोल्हापूर व पुणे गाठत मुंबईस येतो. १९९० च्या दशकाअखेर जवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा मोटार-कारखाना सुरू झाला, पाठोपाठ काच, मोबाइल फोन, सुटे भाग बनवणारे उद्योग आले, आणि मंदिराभोवतीचे हे गाव पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या हजारो माणसांचे ठिकाण बनले. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर बन किंवा ब्रेड-आम्लेट खाणाऱ्या कामगाराला ताज्या पावापेक्षा कोणत्याही वेळी मिळणारा पाव हवा असतो. अशा ठिकाणी वेष्टनातल्या पावाचा जम बसतो आणि दारावरच्या फेरीला वाव उरत नाही.

परंतु श्रीपेरुंबुदूरचे पावाशी असलेले खरे नाते या कारखान्यांहून फार जुने आहे, आणि ते अनेकांच्या ध्यानात येत नाही. विशिष्टाद्वैत मताचे प्रवर्तक रामानुजाचार्य यांचे हे जन्मस्थान; परंपरेने त्यांचा जन्म १०१७ सालचा मानला जातो. त्यांच्या अनुयायी श्रीवैष्णव ब्राह्मणांना अय्यंगार म्हणतात. रामानुजाचार्यांच्या कर्नाटकातील वास्तव्याशी आपली परंपरा जोडणाऱ्या अय्यंगारांची वस्ती हासन जिल्ह्याच्या परिसरात मोठी आहे, आणि तिथूनच बंगळूरूला आलेल्या कुटुंबांनी ‘अय्यंगार बेकरी’ हे नाव सर्वदूर नेले. बंगळूरूच्या चिकपेट भागात १८९८ साली निघालेली बी. बी. बेकरी ही या परंपरेतील सर्वांत जुन्यांपैकी एक मानली जाते, आणि विश्वेश्वरपुरम येथील व्ही. बी. बेकरी १९५३ ची आहे. मुंबई-पुण्यापासून महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांपर्यंत आज जागोजाग दिसणारी अय्यंगार बेकरी ही त्याच परंपरेची पुढची फांदी होय. या बेकरीने दोन अडचणी एकदम दूर केल्या. अंड्याविना पाव, केक आणि बन करणारा ब्राह्मण बेकरीवाला आला तेव्हा, परमहंस सभेच्या काळापासून चालत आलेला उंबरठ्याचा प्रश्न दक्षिणेत पुष्कळसा निकाली निघाला, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि दुकानाच्या मागच्या भागातच भट्टी ठेवल्यामुळे दूरवर माल पाठवण्याची गरजही कमी झाली. व्हॅनने पावाचे आयुष्य वाढवले, तर अय्यंगारांनी भट्टीच गिऱ्हाइकाच्या जवळ आणली. गुणवत्तेच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग निःसंशय सरस होता.

दारावरची फेरी तिच्या मूळ रूपात जेथे अजून जिवंत आहे, तो प्रदेश म्हणजे गोवा. भातशेतीच्या या भूमीत पोर्तुगिजांना १५१० नंतर गव्हाचा पाव हवा होता, आणि पाश्चात्त्य खमीर उपलब्ध नसल्याने माडाच्या सुरेने, म्हणजे ताज्या माडीने, कणीक आंबवण्याची युक्ती निघाली. जेझुइट पाद्र्यांनी ही कला सासष्टी तालुक्यातील नवख्रिस्ती कुटुंबांना शिकवली आणि माजोर्डा हे गाव पाव भाजणाऱ्यांचे गाव झाले, असे परंपरा सांगते. पाव करणारा व विकणारा पोदेर या नावाने ओळखला जाई. लुसियो रॉड्रिग्स यांचा गोव्याच्या पाववाल्यावरचा लेख राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात असल्यामुळे देशभरातील विद्यार्थ्यांना तो परिचित आहे. त्यात वर्णिलेला पोदेर डोक्यावर टोपली घेऊन, खास बनवलेला बांबूचा सोटा जमिनीवर आपटून त्याच्या खुळखुळ आवाजाने गाव जागे करत जातो, आणि महिन्याचा हिशेब घराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो. भिंतीवरची ती नोंद हा पतव्यवहाराचा उत्तम दस्तऐवज होय, कारण खाते दोघांच्याही डोळ्यांसमोर असे आणि त्यात एकतर्फी खाडाखोड करणे शक्य नसे.

सोट्याची जागा पुढे सायकलच्या रबरी भोंग्याने घेतली. आजही गोव्याच्या वाड्यांवर सकाळी आणि दुपार कलल्यावर हा भोंगा ऐकू येतो. मागच्या कॅरियरवर मोठी टोपली, आत कापड आणि वरून प्लास्टिकचा कागद, अशी पाव ऊबदार ठेवण्याची सोय असते, आणि काही घरांच्या फाटकाला पाव ठेवण्यासाठी पिशवी टांगलेली असते. टोपलीत एकच जिनस नसतो: चौकोनी मऊ पाव, कडक सालीचा गोलसर उंडो, कडा कापलेला कात्रे पाव, कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ पोई आणि बांगडीच्या आकाराचे कडक कांकण हे सारे एकाच भट्टीचे, पण कोणते कशाबरोबर खायचे हे घराघराला ठाऊक असते. आमटीत मोडायला उंडो आणि भाजी भरायला पोई घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आवड पोदेर लक्षात ठेवतो. दुकानातील फळीला ते जमत नाही. दिवसातून दोन फेऱ्या असल्याने या पावात परिरक्षक घालण्याचे कारण पडत नाही, आणि काट्झ यांच्या संशोधनाच्या कसोटीवर पाहिले तर भाजल्यानंतर थोड्याच तासांत खाल्ला जाणारा हा पाव शिळा होण्याआधीच संपलेला असतो.

मात्र हा ताजेपणा कोणाच्या श्रमांवर उभा आहे, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. माड चढून सूर काढणारे रेंदेर कमी झाले तशी सुरेची जागा बाजारच्या यीस्टने घेतली. मध्यरात्रीनंतर उठून भट्टी पेटवण्याचे आणि पहाटे दहा-बारा वाड्या सायकलने फिरण्याचे काम पोदेरांच्या शिकलेल्या मुलांनी सोडले, यात त्यांचा दोष नाही. अनेक भट्ट्या आता कर्नाटक आणि इतर राज्यांतून आलेले कामगार भाड्याने घेऊन चालवतात, आणि गोव्याची ही परंपरा प्रत्यक्षात त्यांच्याच हातांनी टिकून आहे. मैदा, लाकूड आणि मजुरी महाग होत असताना पाव मात्र स्वस्तच राहावा अशी अपेक्षा असते, आणि किमतीत एखाद्या रुपयाची वाढ झाली तरी वर्तमानपत्रांत चर्चा रंगते. ही अपेक्षा अन्यायाची आहे. दुकानातील पावाच्या किमतीत वेष्टन, परिरक्षक, दुकानदाराचे कमिशन आणि न खपलेल्या मालाची भरपाई धरलेली असते, तर पोदेराच्या पावात सकाळ-संध्याकाळच्या फेरीचे वेतन जवळजवळ धरलेलेच नसते. दारापर्यंत आलेल्या ताज्या पावाचा भाव दुकानातील पावापेक्षा अधिक असलाच पाहिजे, आणि ज्या घरांना भोंगा ऐकण्याची सवय आहे त्यांनी तो खळखळ न करता दिला पाहिजे.